वहीतली बारा नावं

पुराच्या कामाला आमची तुकडी न्यू साउथ वेल्सच्या उत्तरेला गेली तेव्हा मी आर्मी रिझर्व्हमध्ये कॉर्पोरल होतो. आठवडाभर वेंटवर्थव्हिल या उपनगरातून ट्रेनने ऑफिस, वीकेंडला वर्दी. मूळचा मी नागपूरचा, शिकायला आलेला. रग्बी लीग मला तुकडीनेच शिकवली. एका बाजूला तेरा जण आणि चेंडू पुढे फेकायचा नाही, एवढ्या ज्ञानावर मी आठ वर्षं काढली.

पहिले तीन दिवस ठरलेलं काम. सहाला नाश्ता, सातला बोट पाण्यात. माणसं छपरांवरून उतरवायची आणि शाळेत पोचवायची. सामान घ्यायचं नाही, असा हुकूम होता. लोक कुत्री, शिवणयंत्रं, लग्नाचे अल्बम घेऊन उभे असायचे. कुत्र्यांकडे आम्ही काणाडोळा करायचो. बाकी सगळं मागे राहायचं.

चौथ्या दिवशी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी आम्ही गावातल्या लीग क्लबच्या वरच्या मजल्याला बोट लावली. आत लेस नावाचा म्हातारा गुडघाभर पाण्यात उभा होता. वय शहाऐंशी, क्लबची देखभाल करणारा. त्याच्यामागे भिंतीवर क्लबच्या पहिल्यावहिल्या टीमचा फोटो होता, दरवाजाएवढ्या फ्रेममध्ये. फ्रेम बोटीत मावणार नाही, हे त्यालाही दिसत होतं.

अडचण नावांची होती. फोटोखालची नावांची पट्टी आधीच्या एका पुरात वाहून गेली होती. टीममधले सगळे केव्हाच वारलेले. लेसचे वडील त्यांच्यातलेच. त्यांनी लेसकडून सगळी नावं पाठ करून घेतली होती. गावात दुसऱ्या कुणालाही ती येत नव्हती.

"फोटो राहू दे," लेस म्हणाला. "नावं लिहून घे. मग येतो."

मी चार मिनिटं दिली. वही काढून एक ते तेरा आकडे आधीच घातले. काचेवर बोट ठेवत तो एकेक नाव सांगू लागला. हा लाकूडतोड्या, हा ऊसतोड्या. हा मोडक्या जबड्याने पूर्ण मॅच खेळला आणि पहाटे चारला गाईंची धार काढायला हजर झाला. मी देवनागरीत लिहीत होतो. घाईत माझा हात मराठीतच चालतो.

बारा नावं झाली आणि रेडिओवर सार्जंटचा आवाज आला.

"तीन नागरिक छपरावर. एक तान्हं बाळ. तुम्ही सगळ्यात जवळ. ओव्हर."

"मूव्हिंग. आउट."

लेसचं बोट शेवटच्या माणसावर होतं. तो जमिनीवर बसलेला, मांडीवर चेंडू.

"लास्ट वन, मेट," लेस म्हणाला.

"बोटीत सांग," मी म्हणालो आणि दंडाला धरून त्याला बाहेर काढलं.

बोटीत इंजिनाच्या आवाजापुढे काही ऐकू येत नव्हतं. बाळ सापडलं तेव्हा निळं पडलं होतं. मी त्याला शर्टाच्या आत घेतलं. ते वाचलं. शाळेपाशी लेसला स्ट्रेचरवर घेतलं आणि आम्ही लगेच बोट फिरवली. तो मान उचलून मला ओरडून काहीतरी सांगत होता. मला वाटलं, आभार मानतोय. मी अंगठा दाखवला.

"नो वरीज, मेट."

दोन दिवसांनी लेस हॉस्पिटलमध्ये न्यूमोनियाने गेला.

क्लब पुन्हा उघडला तेव्हा त्याच्या मुलीने, मार्गरेटने, मला बोलावलं. वहीतून नावं मीच वाचावीत, असा तिचा आग्रह होता. चिखलातून निघालेला फोटो भिंतीवर होता, चेहरे डागाळलेले. सगळे उभे राहिले. बारा नावं वाचून मी थांबलो. लोकांना वाटलं, मला भरून आलं. आलंच होतं.

नंतर मार्गरेटला सगळं सांगितलं. बाळ वाचलं ना, बाबांनीही तेच केलं असतं, असं ती म्हणाली. ते खरं आहे. पण एक नाव सांगायला दोन सेकंद लागतात. तेवढे माझ्याकडे होते.

माणूस मागे सोडायचा नाही, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात. लेसने तेरा जण माझ्या हवाली केले होते. फोटोखालच्या नव्या पट्टीवर बारा नावं आहेत. वहीत तेराचा आकडा मी आधीच घालून ठेवला होता. त्याच्यापुढे काही नाही.