बार्बाडोसच्या विहीणबाई आणि विहिरीवरचा नारळ

नारळाच्या झाडावर मी आयुष्यात एकदाच चढलो आणि तेव्हा खाली चाळीस पाहुणे उभे होते.

इंदापूरला माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे, पण लोक मला ओळखतात ते माइकमुळे. लग्न कुणाचंही असो, सत्कार सुरू झाले की माइक माझ्या हातात येतो आणि मग अक्षता वेळेवर पडत नाहीत. (सांगवीच्या एका लग्नात भटजींनी तो माझ्या हातातून हिसकावून घेतला होता. तेव्हापासून आम्ही एकमेकांशी बोलत नाही. मी कुणाशी तरी बोलत नाही, यावर मात्र कुणाचा विश्वास बसत नाही.)

थोरल्या भावाची, म्हणजे दादांची मुलगी शीतल इंग्लंडात नर्स आहे. तिनं तिथंच मार्लन नावाचा मुलगा पसंत केला. मार्लन मूळचा बार्बाडोसचा. हे कळताच तो वेगवान गोलंदाज असणार, असं आमच्या गावच्या, वरकुट्यातल्या मंडळींनी परस्पर ठरवून टाकलं. तो आला त्याच दिवशी त्याच्या हातात चेंडू दिला गेला. मार्लन बँकेत नोकरी करतो. त्यानं टाकलेला चेंडू गोठ्यात जाऊन म्हशीला लागला आणि गावाचं क्रिकेटवरचं बोलणं आठवडाभर बंद पडलं.

खरी काळजी त्याच्या आईची होती. विहीणबाई सत्तरीच्या, उंच, ताठ कण्याच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. लग्नाला त्यांनी नाही म्हटलं नव्हतं, पण होही म्हटलं नव्हतं. आधी घर बघते, मग बोलते, एवढंच त्यांनी शीतलला सांगितलं होतं. आता घर बघून तीन दिवस झाले होते आणि बाई हसायला तयार नव्हत्या. पुरणपोळीला हसल्या नाहीत, दारातल्या रांगोळीला हसल्या नाहीत, मी केलेल्या सहा विनोदांना तर मुळीच नाहीत.

हळदीच्या सकाळी शीतल माझ्याकडं आली. डोळे भरलेले.

"तात्या, त्यांना आपलं घर आवडलं न्हाय वाटतं. मार्लन लग्न करंल वो, पर त्यांनी मनापासनं हो म्हटल्याबिगर माझा पाय हितनं निघायचा न्हाय."

"आगं, मी हाय न्हवं," मी म्हणालो.

"म्हनूनच तिला भ्या वाटतंय," कमल म्हणाली. कमल माझी बायको.

आता विहीणबाईंची एक खोड होती. बोलायच्या थोडं, पण बोलणं संपवताना त्यांच्या बेटावरची एखादी म्हण टाकायच्या. रताळ्याच्या वाफ्यात खुरपताना आजीनं शिकवलेल्या म्हणी. शीतल त्या एका वहीत उतरवून घ्यायची. ती वही मी चाळली. कुठं मांजर होतं, कुठं समुद्र होता, कुठं पावसाचं पाणी. पण सार एकच. निम्म्या म्हणी सांगत होत्या घाई करू नका, आणि उरलेल्या सांगत होत्या तोंड आवरा. एवढं वाचून शहाणा माणूस घरी बसला असता. मला मात्र भाषणाचा विषय सापडला!

दुपारी सगळे विहिरीजवळच्या मांडवात जमले. मी माइक घेतला (बिनवायरचा, भाड्यानं आणलेला) आणि विहीणबाईंना शाल, श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार केला. मग त्यांच्या बेटावरची एक म्हण सांगायची विनंती केली. त्या उठल्या, काहीतरी बोलल्या. शीतल मराठीत सांगू लागली. त्यात एक माकड होतं आणि ते झाडावर चढत होतं. एवढं सांगून शीतल श्वास घ्यायला थांबली. मला तेवढा वेळ पुरतो.

"मंडळी, बघा!" मी सुरू झालो. हे माकड म्हणजे प्रगती, हे झाड म्हणजे जीवन. वरकुट्याची शीतल चढत चढत इंग्लंडला पोचली. माकडाला जमतं ते आपल्याला का जमू नये? मी वीस मिनिटं त्या माकडाला खाली उतरू दिलं नाही. मध्ये दोनदा विहीणबाईंनी बोट वर केलं. त्यांना माझं पटलेलं दिसत होतं. मी दोन्ही वेळा "यस, यस, व्हेरी गुड" म्हणून पुढं गेलो.

भाषण संपल्यावर शीतलनं सहज सांगितलं, की विहिरीवरचा नारळ बघून सासूबाईंना घरची आठवण येते, तिकडं त्या रोज ताजं शहाळं पितात. लगेच शेजारचे बापूराव म्हणाले, "मग तात्या, चढा की. माकडाला जमतंय म्हनं."

मला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला लोकांना फार कष्ट पडत नाहीत. या वेळी झाड नारळाचं होतं, एवढाच फरक. दादा म्हणाले, नारळ काढणारा उद्या यायचाय, तू गप खाली बस. कमल म्हणाली, "अवो, पँट घट्ट हाय. खुर्चीत बसताना इचार करून बसताय तुमी." ती क्रीम रंगाची पँट मी माझ्या थोरल्या मुलाच्या लग्नात बारामतीला शिवली होती. थोरल्याला आता दोन मुलं आहेत.

मी माइक खिशात टाकला, शिडी लावली आणि चढलो. शिडी संपली तिथून शेंडा आणखी चार हात वर होता. मी बुंध्याला मिठी मारून पाय वर ओढला, आणि त्याच वेळी टर्रकन आवाज झाला. हा आवाज बांधावरच्या दोन्ही कर्ण्यांतून सगळ्या वरकुट्यानं ऐकला, कारण खिशातला माइक चालूच होता. पाठोपाठ शिडी सरकून पडली. मग मुंगळे आले. पुढची दहा मिनिटं "आई गं", "कमल, मेलो" आणि "दादा, मी परत माइकला हात लावनार न्हाय" हे सगळं गावभर नीट ऐकू गेलं. पलीकडच्या वस्तीवरून फोन आला, की तात्यांचं आजचं भाषण चांगलं चाललंय.

खाली सगळे एकदम बोलत होते. कुणी ट्रॅक्टर आणा म्हणत होतं, कुणी गादी. तेवढ्यात विहीणबाई पुढं झाल्या. त्यांचं बालपण नारळाखाली गेलेलं. त्यांनी चौघांना हातानं दाखवून शिडी पुन्हा लावून घेतली, मार्लनला खाली धरायला उभं केलं आणि माझा कोणता पाय कुठं ठेवायचा ते शीतलकडून एकेक करून सांगितलं. मी पाठमोरा, सावकाश, सर्वांच्या नजरेसमोर खाली आलो. जमिनीला पाय लागताच बाईंनी सत्कारात मिळालेली शाल काढली आणि माझ्या कमरेला गुंडाळून गाठ मारली.

मग त्या हसल्या. आधी ओठ हलले, मग खांदे, मग त्या विहिरीच्या कठड्यावर बसून डोळे पुसत हसत राहिल्या. शीतलला जवळ ओढून त्या काहीतरी म्हणाल्या आणि शीतल रडायलाच लागली.

"काय म्हनल्या?" मी विचारलं.

"ज्या घरात असा मानूस हाय, तितं माझ्या पोराला करमंल म्हनल्या. मनापासनं हो म्हनल्या, तात्या!"

मला भरून आलं. खरंच आलं. शालीची गाठ धरून मी विचारलं, "आनि नंतर काय म्हनल्या? लई वेळ बोलत होत्या."

शीतलला हसू आवरेना. त्यांनी दुपारी अर्धीच राहिलेली माकडाची म्हण पुरी केली होती.

तो उरलेला अर्धा भाग मी इथं लिहीत नाही. झाडाखालच्या चाळीस जणांना तो न सांगताच कळला होता. त्यात खालून दिसणारी शेपटी येते, एवढंच सांगतो. माझी निळ्या पट्ट्यांची होती.