सकाळचा आकडा

डॉक्टरांना न विचारता मी रात्रीची गोळी एकाची दोन केली.

का केली ते सांगतो. ऐकून तुमचं माझ्याविषयीचं मत सुधारेल असं मात्र नाही.

मला साखर निघाली तेव्हा कॅम्पातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, रात्री एक गोळी घ्या, भात-भाकरी कमी करा, घरीच रोज सकाळी उपाशीपोटी आणि संध्याकाळी रक्त तपासा, आकडे वहीत लिहा. दीड महिन्यात सकाळचा आकडा एकशेतीसच्या खाली आला नाही तर इन्सुलिन सुरू करू. त्या अगदी साध्या आवाजात बोलल्या. मला मात्र त्या शब्दामागोमाग फरशीवर टेकणारी कुबडी ऐकू आली. आमच्या आप्पांना इन्सुलिन लागलं, मग अंगठा गेला, मग गुडघ्याखालचा पाय गेला, मग आप्पा गेले. पाय इंजेक्शननं जात नाही, दुखणं अंगावर काढल्यानं जातो, हे मला कळत होतं. पण कळणं वेगळं आणि कुबडी ऐकू येणं वेगळं.

आप्पांना साखर आहे हे आमच्या घरात सगळ्यांच्या आधी मुंग्यांनी ओळखलं. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी, परसात ते जिथं लघवीला बसायचे तिथं काळ्या मुंग्यांचं रिंगण धरलेलं असायचं. आई त्यावर राख टाकायची. दुसऱ्या दिवशी रिंगण पुन्हा तिथंच. डॉक्टरचा कागद त्यानंतर दोन वर्षांनी आला.

तर मी भात-भाकरी कमी नाही केली, बंदच केली. उद्यमबागेत मी ज्या कारखान्यात तयार मालाची मापं तपासतो, तिथल्या एका लेथवाल्यानं असंच करून सुटलेलं पोट घालवलं होतं, त्याच्या शब्दावर. अंडी, मेथी, काकडी, शेंगदाण्याची चटणी नुसती चमच्यानं, भाताशिवाय मटणाचा रस्सा. पहिल्या आठवड्यात सकाळचा आकडा एकशे साठ, मग एकशे बावन्न, मग एकशे त्रेचाळीस. उतरत होता, पण माझा धीर त्याच्याआधी उतरला. मी निपाणीला आत्तीला फोन केला. आत्ती म्हणजे आप्पांची धाकटी बहीण. घरातल्या सगळ्या दुखण्यांवर तिच्याकडं एकेक तोड असते.

"तू साखर सोडलास, पर ती दिलीस कुणाला?" तिनं विचारलं.

"कुणाला द्यायची गं?"

"मुंग्यांस्नी. आंघोळ करून, काय खायाच्या आदी, वारुळापाशी घालायची. आपल्या वाट्याची त्यांनी खाल्ली की मग ती आपल्याला धरत न्हाय. तुझ्या बापाला मी सांगिटलं हुतं. त्यानं ऐकलं न्हाय, आन् काय झालं तू बघिटलास."

दुसऱ्या दिवशी पहाटे आंघोळ केली, डाव्या तळहातावर चिमूटभर साखर घेतली आणि कंपाउंडच्या कडेला मुंग्यांच्या बिळापाशी थोडी थोडी सोडली. मग आत येऊन रक्त तपासलं.

एकशे ब्याण्णव.

तिसऱ्या दिवशी दोनशे बारा. संध्याकाळी कामावरून आल्यावर पुन्हा तपासलं तर एकशे चार. मला काही समजेना. दिवसभर दोनदा जेवून संध्याकाळी एकशे चार, आणि रात्रभर पाणीसुद्धा न पिता सकाळी दोनशेच्या वर. मोबाईलवर वाचलं की काही जणांची साखर पहाटे आपोआप वाढते. असं एकदा वाचलं की माणूस निजायला भितो. आत्तीला कळवलं. ती म्हणाली, "कमी पडतंय त्यांस्नी. मूठभर घाल." मी मूठभर घालायला लागलो. आकडा दोनशे अडतीस.

मग माझ्या मनात आलं, मी झोपेत उठून खात तर नसेन? घरातली साखर, गूळ, सगळं स्वयंपाकघरात. बायकोला हे सांगितलं तर तिनं कपाळाला हात लावला, पण माझं समाधान व्हावं म्हणून निजण्यापूर्वी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर रांगोळीचा जाड पट्टा ओढला. सकाळी आम्ही दोघं वाकून बघत होतो. पट्ट्यावर पाऊल नव्हतं. एके ठिकाणी मात्र सुईनं ओढावी तशी बारीक रेघ पडली होती, आणि त्या रेघेतून मुंग्या चालल्या होत्या. स्वयंपाकघरात नव्हे. बाहेर. आम्ही त्यांच्या मागं मागं गेलो. रांग माजघरातून वळली, खोलीत शिरली, माझ्या कॉटच्या पायावर चढली आणि उशाशी टांगलेल्या टॉवेलवरून माझ्या उशीवर उतरली. उशीत डोक्याचा खळगा तसाच होता. त्या खळग्यात त्या गोल फिरत होत्या.

बायकोनं उशी उचलून उन्हात टाकली. परसातलं रिंगण तिनं पाहिलेलं नव्हतं, पण ऐकलेलं होतं.

त्या दिवसापासून रात्री मी दोन गोळ्या घ्यायला लागलो. तिला सांगितलं नाही. डॉक्टरांची तारीख आठ दिवसांवर आली होती आणि मला माझा पाय शाबूत ठेवायचा होता.

चौथ्या दिवशी सकाळी मुंग्यांचं झालं, आकडा दोनशे एकेचाळीस आला, दोन उकडलेली अंडी खाऊन मी बस धरायला निघालो. धुकं होतं. वडगावातून रोज जातो तो रस्ता, पण त्या दिवशी विणकरांच्या मागांचा आवाज नेहमीसारखा घराघरांतून न येता खालून, जमिनीतून आल्यासारखा येत होता. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता आणि मला थंडी वाजत होती. ओळखीची माणसं हात करत होती, पण त्यांचे हात वर जायला फार वेळ लागत होता. बसमध्ये चढलो. खिडकीकडेला आप्पा बसले होते.

मला त्याचं नवल वाटलं नाही, हेच पुढं आठवून अंगावर काटा येतो. आप्पा तोंड मिटून तंबाखू चघळत होते. धोतराचा डावा सोगा रिकामा लोंबत होता. मी शेजारी बसलो आणि म्हणालो, "आप्पा, पाय कुठं ठिवलासा?" ते माझ्याकडं बघून चघळत राहिले. मग मी वाकून सोगा चाचपला.

आत पाय होता. गरम, केसाळ, चांगला भरलेला.

"ओ! काय करालासा?" तो माणूस ओरडला. आप्पांचा आवाज तसा नव्हता. "कोण आप्पा? बरं न्हाय तर घरात निजायचं की! आन् घाम बघा ह्यांचा."

उद्यमबागेपर्यंत त्यानंच माझा दंड धरून ठेवला. सोडला असता तर पुढं काय झालं असतं ते मला माहीत नाही. कारखान्यात गेल्यावर सवयीनं साबणानं हात धुतले, आणि तिथंच खाली बसलो. आमच्या स्टोअरकीपरला दहा वर्षांची साखर. त्यानं त्याचं मशीन काढून माझं बोट टोचलं. सेहेचाळीस.

"तुझं मशीन बिघडलंय," मी म्हणालो. "माझी सकाळी दोनशे एकेचाळीस होती."

त्यानं माझ्या पिशवीतून माझं मशीन काढून टोचलं. अठ्ठेचाळीस. मग वाद न घालता साखरेचं पाणी माझ्या तोंडाला लावलं. ग्लास संपता संपता मागांचा तो आवाज थांबला. तेव्हा ध्यानात आलं, उद्यमबागेत माग नाहीत.

थोड्या वेळानं त्यानं माझ्या बायकोला फोन केला, ती वही आणि गोळ्यांचं पाकीट घेऊन आली, आणि दोघांनी मला रिक्षात घालून कॅम्पात नेलं. स्टोअरकीपर दारातूनच परत गेला.

डॉक्टरीणबाईंनी वही उघडली. संध्याकाळचे सगळे आकडे सरळ, सकाळचे सगळे वेडे. "उठल्यापासून बोट टोचेपर्यंत काय काय करता?" त्या म्हणाल्या. "एकही गोष्ट गाळू नका."

मी सांगू लागलो. उठतो. आंघोळ. देवाला दिवा. मुंग्यांना साखर. मग बोट.

"साखर कुठल्या हातावर घेता?"

"डाव्या."

"आणि टोचता कुठल्या हाताचं बोट?"

मी डावाच हात पुढं केला.

"मधे हात धुता?"

"पुसतो. टॉवेलला."

त्यांनी मला बेसिनपाशी पाठवून साबणानं हात धुवायला लावले, कोरडे करवले आणि एक बोट टोचलं. एकशे एकवीस. मग आतून चहाची साखर मागवली, दुसरं बोट त्यात चोळलं, पुसलं आणि टोचलं. दोनशे सत्तावन्न. एकच माणूस, एकच मिनिट, शेजारशेजारची दोन बोटं. आणि मी सव्वीस वर्षं मायक्रोमीटरचे जबडे न पुसता माप घेणाऱ्यांना सगळ्यांसमोर झाडत आलोय. हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगायचं काही कारणही नव्हतं.

"पण सुरुवातीला, मुंग्यांच्या आधीसुद्धा, सकाळी जास्तच येत होतं," मी म्हणालो.

"ते खरं असतं. पहाटे, तुम्ही उठायच्या आधी, तुमचं लिव्हर साठवलेली साखर रक्तात सोडतं. काही न खाता. ती सवयीनं हळूहळू खाली येते. येतच होती की."

म्हणजे मी झोपलेला असताना आत कुणीतरी उठतं आणि कोठार उघडतं, हे खोटं नव्हतं. फक्त ते आप्पा नव्हते. तरी त्या दिवसापासून पहाटे जाग आली की मी पोटावर हात ठेवून जरा वेळ निपचित पडून राहतो.

मग बाईंनी गोळ्यांचं पाकीट उलटं केलं आणि गोळ्यांचे रिकामे कप्पे मोजले. मला ते थांबवायचं होतं.

"तीन जास्त गेल्यात," त्या म्हणाल्या.

मी सगळं सांगितलं. बायको शेजारच्या खुर्चीत होती. तिनं ते तिथंच पहिल्यांदा ऐकलं.

"भात-भाकरी कमी करा म्हटलं होतं. तुम्ही बंद केलीत आणि मला कळवलं नाही," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अजून साधाच होता, त्यामुळं जास्त भीती वाटली. "खाणं एवढं उतरवलं की गोळी कमी करावी लागते. तुम्ही दुप्पट केलीत. आज बसमध्ये एकटे असता, शेजारी कुणी दंड धरणारा नसता, तर पायाचा प्रश्नच उरला नसता." त्यांनी रात्रीची गोळी अर्धी केली. इन्सुलिनचं नाव काढलं नाही. पंधरा दिवसांचे खरे आकडे घेऊन या म्हणाल्या, आणि नवी चिठ्ठी माझ्यापुढं धरली.

मी हात पुढं केला. बायकोनं माझ्याआधी ती ओढून घेतली.

"ह्यांच्या हातात काय बी देऊ नका, बाई," ती म्हणाली. "आमच्या घरात म्हशीलासुदीक औषध विचारून देत्यात."