उलट पिळाचा जोड

धुळ्याहून निरोप आला तेव्हा मला इतका आनंद झाला की दुकानात एकट्यानेच पेढे खाल्ले. नानांची गाडी बंद पडत होती, कुणालाच दोष सापडेना, म्हणून त्यांनी मलाच बोलावलं होतं! मला वायरिंग शिकवणारे हेच नाना. त्यांच्या गॅरेजमधल्या एका जीपला आग लागली, तेव्हा ‘वायरीचा जोड यानंच दिलेला’ असं सगळ्यांसमोर सांगून त्यांनी मला हाकललं. पुढे धुळ्यात कुणी मला साध्या हॉर्नलाही हात लावू देईना. मी जळगावला आलो, कॉम्प्युटरवाल्या नव्या गाड्यांचं काम शिकलो आणि दात-ओठ खात वाट बघितली. जळक्या जीपमधला तो जोड मी उचलून आणला होता. तेव्हा दाखवला असता तरी माझं कोण ऐकणार होतं? आता तो पिशवीत टाकला आणि एसटी पकडली.

नानांची गाडी मधेच गचके खाऊन बंद पडायची. प्लग, पंप सगळं बदलून झालेलं. मी मीटर लावून एकेक वायर तपासली, एकही तुटलेली नव्हती. मग नजर गाणी लावायच्या टेपवर गेली.

“नाना, टेप लावा.”

गाणं दणाणलं आणि इंजिन खोकून मेलं. टेप बंद, इंजिन सुरू.

“परत लावा ना, नाना.”

दोनदातच मला कळलं होतं. पुढच्या दोन वेळा समोरच्या चहाच्या टपरीवरच्या मेस्त्रींसाठी. कॉम्प्युटरला इंजिनचा निरोप नेणाऱ्या वायरींच्या अर्थिंगवरच टेपची अर्थिंग जोडली होती. गाणं वाढलं की निरोपात गोंधळ.

जोड उघडा करून मी मोठ्यानं विचारलं, “हाई काम कोनं शे?”

“मनं शे. बठ्ठं मीच करेल शे,” सगळं काम आपल्याच हातचं असल्याच्या तोऱ्यात नाना म्हणाले.

मी पिशवीतला जळका जोड काढून बॉनेटवर त्याच्या शेजारी ठेवला. नाना डावखुरे, त्यांचा पीळ बाकी सगळ्यांच्या उलट पडायचा. दोन्ही जोड उलट पिळाचे होते. टपरीवरचे सगळे उठून आले. एक म्हातारा मेस्त्री म्हणाला, “नाना, जीपमाबी तुमनाच जोड व्हता.”

नानांनी मान खाली घातली. मला जराही दया आली नाही. टेपची अर्थिंग वेगळी करून मी गाणं लावलं आणि इंजिन सुरू ठेवून शेवटपर्यंत सगळ्यांना ऐकवलं.

निघताना नाना हळूच म्हणाले, “तो जळका जोड दे.”

“कसा देऊ, नाना? तो मना शे. तुमीच सांगेल व्हतं.”