दोन झेंड्यांच्या मधून

फेब्रुवारीतला दुसरा शनिवार. मागणी अठरा हजारांची. शिडाच्या बोटीवर आम्ही चौघं: मी, बायको, तिची धाकटी बहीण आणि तिचा नवरा, म्हणजे माझे साडू. समोर मासेमारीच्या होडीत तिघं, पैकी बोलणारा एकच, त्यांचा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या.

बोट साडूंची. जुनी, अठ्ठावीस फुटी, खाली दोन बाकं आणि एक मोरीएवढा संडास. ती घेतल्यापासून शांती नगरमधल्या त्यांच्या घराला रंग लागला नव्हता, हे मेहुणीने बायकोला सांगितलं होतं आणि बायकोने मला. मला जायचं नव्हतं. पण तीन वेळा नाही म्हटल्यावर चौथ्यांदा नाही म्हणणं म्हणजे भांडण, असं बायकोचं मत पडलं.

सकाळी खाडीतून बाहेर पडेपर्यंत साडूंनी मला दोनदा उठवून दुसरीकडे बसवलं, कारण माझ्या वजनाने म्हणे बोट कलत होती. डोलकाठीला टेकू नका, दोरीवर पाय ठेवू नका. मी चहा मागितला तर समुद्रावर चहा मागणारा माणूस प्रथमच पाहतोय, म्हणाले. मेहुणीने मुकाट्याने थर्मास पुढे केला.

उत्तनच्या बाजूला वारा बरा मिळाला. पुढे पाण्यावर बांबूला बांधलेले दोन काळे झेंडे दिसले, एकमेकांपासून चांगले लांब. त्या किनाऱ्यावर वाढलेलं शेंबडं पोरही सांगेल की असे दोन झेंडे म्हणजे जाळ्याची दोन टोकं, आणि मधल्या पाण्याखाली जाळं पसरलेलं असतं. साडू मात्र बोट चालवायला पैसे भरून वर्गात शिकलेले. तिथे दोन खुणांच्या मधून बोट न्यायची, तोच मोकळा रस्ता, असं त्यांना शिकवलेलं. त्यांनी बोट बरोबर मधोमध घातली आणि मला म्हणाले, "बघा दाजी, याला म्हणतात लाइन."

बोट पुढे जायची थांबली. शीड भरलेलं, पण बोट जागच्या जागी वळायला लागली. सुकाणू जाळ्यात अडकलं होतं.

होडीवाले लांबूनच हात हलवत आले. साडूंनी त्यांच्यावर हिंदीत आवाज चढवला, की समंदर क्या तुम्हारे बाप का है. तांडेल म्हणाला, "मराठीत बोल. आमी काय बाहेरून आलोय?" मग त्याने सांगितलं ते सरळ होतं. शीड उतरवा, बोटीचा ताण जाईल, आम्ही दुसऱ्या टोकाकडून जाळं सैल करतो, अर्ध्या तासात मोकळे व्हाल. फक्त कापू नका.

साडू शीड उतरवायला तयार नव्हते. मी त्यांना म्हटलं, उतरवा, जाळं त्यांचं पोट आहे. ते म्हणाले, तुम्ही बसा. माझ्या बायकोने सांगितलं, मेहुणीने सांगितलं. त्यांनी बाकाखालून सुरी काढली, मागे वाकले आणि कापलं. एकदा नाही, तीनदा. कापलेली बाजू पाण्यात गेली. होडीवाल्यांनी येऊन आमच्या बोटीला दोर बांधला आणि तांडेलने आकडा सांगितला. अठरा हजार.

साडू म्हणाले, एक पैसा देणार नाही. तासभर हेच. शेवटी मी तांडेलला हिशेब विचारला. जाळं तुकडे जोडून केलेलं होतं. एक तुकडा पूर्ण गेला, नवा सहा हजारांना. दुसऱ्याची कडेची दोरी तुटली, त्याची दुरुस्ती दीड हजार. दिवस फुकट गेला, त्याचं डिझेल दोन हजार. साडेनऊ होतात, मी म्हटलं.

"तुम्ही कोणाच्या बाजूने आहात?" साडू माझ्यावर ओरडले.

तांडेलनेही मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हा तुमचा मुनीम काय? आणि मासा?"

मी म्हटलं, मासा किती होता ते कोणी मोजलेलं नाही.

"तू मोजला न्हाय म्हणून नव्हता?"

साडू हसले. त्या दिवसात ते एवढं एकदाच हसले, आणि तेही माझ्यावर. मी त्यांना म्हटलं की सुरी अजून तुमच्या हातात आहे, ती खाली ठेवून हसा. बायकोने माझा दंड धरला. मी आणि साडू तेव्हापासून आजपर्यंत एकमेकांशी बोललेलो नाही. लग्नात समोर आलो तरी जेवणाच्या वेगवेगळ्या पंगतीत बसतो.

जाळं कापल्यापासून मेहुणी खाली जाऊन बसली होती. ती वर आली आणि नवऱ्याकडे न बघता तिने तांडेलला मोबाइल नंबर विचारला. त्याच्या फोनवर पैसे येत नव्हते, म्हणून त्याने आपल्या बायकोचा नंबर दिला. साडू तिला म्हणाले, पैशाला हात लावलास तर बघ. तिने माझे साडेनऊही पुरेसे धरले नाहीत. माशाचे अडीच हजार वर घालते, चालेल का, एवढंच तिने तांडेलला विचारलं. त्याने मान हलवली आणि दोर सोडायला सांगितलं.

बारा हजार गेले, मेहुणीच्या पगाराच्या खात्यातून तांडेलच्या बायकोच्या खात्यात.