पाच जणांच्या घरासाठी कापड

घडीताईंचं खरं नाव हॉस्पिटलात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. तिथल्या लाँड्रीत त्यांची सगळी नोकरी गेली. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे कोट, ऑपरेशनचे हिरवे कपडे, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. हाताला सवयच अशी लागली की समोर कागदाचा कपटा आला, तरी बोलता बोलता त्याची घडी होऊन जायची. म्हणून घडीताई. निरोपाच्या दिवशी साहेबांनी भाषणातही तेच नाव घेतलं आणि सगळे इतके हसले की भाषण तिथेच आटोपलं.

नोकरी संपली आणि पाठोपाठ नवरा गेला. मुलगा आधीपासूनच परदेशात, बायको-मुलांसह. तीन खोल्यांच्या घरात उरल्या घडीताई आणि तिघं बसतील असा एक लांबलचक सोफा. त्याचं लाकूड असं की वर हत्ती बसवावा. कापड मात्र पार विरलेलं. कडेच्या गादीवर तर ते फाटून आतला पिवळा फोम डोकावत होता.

मुलाचा आठवड्याचा फोन आला, तेव्हा त्याला पडद्यावर तो फोम दिसला. "आई, टाकून दे तो सोफा. तुला एकटीला एवढा कशाला? एक चांगली खुर्ची घे, पाठीलाही बरी."

बोलणं चुकीचं नव्हतं, म्हणूनच जास्त लागलं. बघते म्हणाल्या, फोन ठेवला आणि दुसऱ्याच दिवशी सोफ्याच्या कापडांच्या दुकानात जाऊन उभ्या राहिल्या.

दुकान म्हणजे कापडाच्या ताग्यांच्या भिंतीच. काउंटरवर एक चष्मेवाली बाई होती, चाळिशीतली, बोलायला लाघवी. तिने आधी मखमल दाखवली. घडीताईंनी ती नखाने खरवडली, उजेडासमोर धरली, तिरपी ओढून पाहिली.

"दिसायला राणी आहे," त्या म्हणाल्या, "पण वर्षभरात टक्कल पडेल."

चष्मेवाली मनापासून हसली. स्टूल पुढे सरकवून तिने त्यांना बसवलं. "काकू, तुम्हाला कापड कळतं. मग आता मला सांगा, घरात माणसं किती? सोफ्यावर कोण कोण बसतं?"

काय सांगायचं हे घडीताईंनी ठरवलं नव्हतं. हा प्रश्न येईल असंच वाटलं नव्हतं.

"आम्ही पाच जण," त्यांच्या तोंडून गेलं.

आणि मग जिभेला हाड नसतं म्हणतात, तसं झालं. सासूबाई डोक्याला तेल चोपडतात आणि तशाच मान टेकून बसतात, सांगून सांगून जीभ झिजली. धाकटा दीर रात्रपाळी करून येतो आणि दुपारभर सोफ्यावर आडवा पसरतो, कुणाची टाप नाही त्याला उठवायची. मुलगा बुटांसकट उड्या मारतो. नवऱ्याच्या हातात कायम चहाचा कप, आणि हातवारे केल्याशिवाय त्याला एक वाक्य बोलता येत नाही.

"आणि तुम्ही?" चष्मेवालीने विचारलं.

"मी कडेला. जागा उरली तर."

यात खोटं काहीच नव्हतं. फक्त सगळं कधीच होऊन गेलेलं होतं. सासूबाई जाऊन जमाना झाला होता. दीर लग्नानंतर वेगळा झाला आणि हळूहळू येणंजाणंच तुटलं. बुटांसकट उड्या मारणाऱ्या मुलाच्या डोक्यावरचे केस आता विरळ झाले होते.

चष्मेवालीने मात्र प्रत्येकाचा मनावर घेऊन विचार केला. तेलासाठी पाठीकडे गडद रंग हवा. बुटांसाठी वीण घट्ट हवी, सुटे धागे वर असले की मुलं ते ओढतातच. चहासाठी पटकन पुसलं जाईल असं काही बघू. आपल्या माणसांची एवढी काळजी दुसऱ्या कुणी वाहिलेली घडीताईंनी कैक वर्षांत पाहिली नव्हती.

घरच्यांना दाखवते म्हणून त्या नमुन्याचे तुकडे घेऊन गेल्या. परत आल्या. दुसरे नेले. घर खायला उठायचं, विशेषतः दुपारी. मग पाय आपोआप दुकानाकडे वळायचे. दिराला करडा रंग पटला नाही, सासूबाईंना फुलंफुलं नकोत, असं त्या सांगायच्या. हिरवा नको, हे मात्र त्यांचं स्वतःचं मत होतं. चष्मेवाली विचारायची, मुलाची परीक्षा कशी झाली, दिराची पाळी बदलली का. एका खोट्यासाठी दहा खोटी बोलावी लागतात, इथे तर खऱ्यासाठीच बोलावी लागत होती.

अखेर एक कापड पसंत पडलं. विटकरी, जाड, वीण अशी घट्ट की सुईलाही वाट शोधावी लागावी. घडीताईंनी ओला रुमाल घासून पाहिला, रंगाचा टिपूस उतरला नाही.

"पाच माणसांच्या घरात हेच टिकेल," चष्मेवाली म्हणाली. "आमचे कारागीर घरी येऊन माप घेतील."

घडीताई गारच पडल्या. कारागीर घरी येणार, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

तो यायच्या दिवशी त्यांनी नवऱ्याच्या चपला कपाटातून काढून दाराशी ठेवल्या. टेबलावर जास्तीचे कप मांडले. मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली. पण चपला उचलायच्या आत बेल वाजली.

कारागीर थोराड, वयस्क माणूस होता. जिने चढून दमला होता. पाणी प्याला, फीत काढली, आडवं-उभं माप घेतलं. मग तिन्ही गाद्या तळहाताने दाबत गेला. पुन्हा पहिलीपाशी आला.

"ताई, दुकानातून पाच माणसं सांगितलीत."

"हो. बाहेर गेलेत सगळे."

"नाही, मापाचं काही नाही," तो अवघडून म्हणाला. "पण फोम मागे बदललेला दिसतो. तेव्हापासून ही कडेची गादीच तेवढी बसलीय. बाकीच्या दोन ताठ आहेत अजून. त्यांवर कुणी बसलेलंच नाही."

फोम त्यांनी नवऱ्याच्या आजारपणात बदलून घेतला होता. बरं वाटलं की त्याला आरामात बसता यावं, एवढाच विचार. तो पलंगावरून उठलाच नाही.

"मी एकटीच असते," घडीताई म्हणाल्या.

हे वाक्य त्या पहिल्यांदाच मोठ्याने बोलत होत्या. एरवी बोलणार कुणाशी?

कारागिराने फीत गुंडाळली. कसं, कधी, काही विचारलं नाही. "मग हे कापड तुम्हाला फार जाड होईल. उन्हाळ्यात अंगाला टोचतं. एकट्या माणसाने सुती घ्यावं, मऊ असतं."

"टोचू दे. हेच लावा. तिन्हींना."

"बरं," तो म्हणाला.

त्यांनी चहा ओतून कप त्याच्यापुढे ठेवला. तुम्हीही घ्या की, असं तो म्हणाला, तेव्हा दुसरा कप कामी आला. चहा संपेपर्यंत दोघं सोफ्याच्या लाकडाविषयी बोलले. असं लाकूड आता मिळत नाही, यावर त्यांचं लगेच एकमत झालं.

काम छान झालं. सोफा नव्या जावयासारखा ऐटीत दिसू लागला. चष्मेवालीला आता खरं सांगून टाकायचं, असं ठरवून घडीताई दुकानात गेल्या. वाटेत वाक्यही जुळवून झालं. पण तिच्यापुढे गिऱ्हाईक होतं, एक तरुण जोडपं. यांना पाहताच ती तिथूनच म्हणाली, "या काकू! आवडलं का घरच्यांना?"

जोडप्यानेही वळून पाहिलं.

"आवडलं," घडीताई म्हणाल्या. "सगळ्यांना."

थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि घरी आल्या. त्यानंतर त्या रस्त्याने जाणं त्यांनी टाळलं. दुपार पुन्हा मोठी झाली.

गाद्यांच्या जागा अधूनमधून बदला, म्हणजे सारख्या झिजतील, असं कारागिराने जाताना बजावलं होतं. जड गाद्या उचलणं पाठीला झेपेना, तेव्हा घडीताईंनी स्वतःचीच जागा बदलायला सुरुवात केली. आठवडाभर त्या मधल्या गादीवर बसल्या. तिथे कडेला टेकायला काही नसल्याने परक्याच्या घरी आल्यासारखं वाटायचं. मग त्या दुसऱ्या टोकाला सरकल्या, नवऱ्याच्या जागी. संसारभर तिथे त्या एकदाही बसल्या नव्हत्या.

तिथून टीव्ही तिरपा दिसत होता, निम्मा तर कपाटाआड. मालिका चालू असताना तो सारखं विचारायचा, आता काय झालं, हा कोण, ही का रडतेय? लक्ष कुठे असतं तुमचं, म्हणून त्या स्वयंपाकघरातून ओरडायच्या. आता त्याच्या जागी बसून त्यांनी समोर पाहिलं. नजर दारातून सरळ आत जात होती. ओटा दिसत होता, शेगडी दिसत होती, आणि शेगडीपुढची ती हातभर जागा, जिथे उभं राहून त्यांची निम्मी हयात गेली.

घडीताई बराच वेळ तशाच बसून राहिल्या. दिवस कलला. आत अंधारून आलं आणि ओटा दिसेनासा झाला, तेव्हा त्या उठल्या, स्वयंपाकघरातला दिवा लावला आणि परत येऊन तिथेच बसल्या.