दाजींनी मशीनला मराठी शिकवली

आमच्या दाजींइतक्या अदबीनं मशीनशी बोलणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात झाला नाही, आणि मराठी सोडून दुसऱ्या भाषेत तर ते देवाशीही बोलले नसते. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे वाटूरचे, शेतकऱ्याच्या घरातले. जालन्याला पेरणी यंत्रांच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन. वाटेत आडव्या पडलेल्या कुत्र्यालाही ते ‘उठता का जरा?’ असं विचारत. स्कूटर सुरू होईना तर किक मारायच्या आधी तिची माफी मागत. ताई चिडायची. ‘कुत्र्याला अहो, स्कूटरला अहो, अन् मला मातर ए!’ दाजी थंडपणे म्हणत, ‘तू घरची हाईस. ते परके हायत.’

नव्वदीच्या दशकात कारखान्यातला ड्रॉइंग बोर्ड कोपऱ्यात गेला आणि यंत्रांचे आराखडे काढायला संगणक आला. तो बोलायचा इंग्रजी. दाजींना ते इंग्रजी येत नव्हतं असं नाही. त्यांना ते पटत नव्हतं. ‘मी वाटूरचा, मालक जालन्याचे, यंत्र चालणार जाफराबादच्या रानात. मंग मधी हे इंग्रजी कोणाचं पाव्हणं आलंय?’ त्या सॉफ्टवेअरमधल्या आज्ञांची नावं बदलता येतात, आपले प्रश्नही त्याच्या तोंडी घालता येतात, हे त्यांना कुठूनसं कळलं. झालं! जेवणाच्या सुटीत डबा बाजूला सारून दाजी मशीनला मराठी शिकवू लागले. पडद्यावर देवनागरी उमटत नव्हती, म्हणून अक्षरं रोमन, भाषा मात्र आपली.

मी तेव्हा कॉलेजात होतो आणि ‘मराठीचे मारेकरी कोण?’ असं विचारणारी पत्रकं चौकाचौकात वाटत होतो. ही बातमी कळताच मी शुद्ध शब्द घेऊन धावलो. विलोपन, प्रतिबिंबन, परिभ्रमण! दाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मेव्हणे, हे विलोपन कितव्या दिवशी करतेत?’

त्यांचे शब्द निराळेच होते. जादा रेघ कापायची तर ‘छाटा’. एकच फण ओळीनं पुन्हा पुन्हा उमटवायचा तर ‘पेरा’. रेघ काढायला घेतली की मशीन आधी विचारी, ‘कुठून?’ आणि मग ‘कुठवर?’, ओट्यावरच्या म्हाताऱ्यानं पाव्हण्याची चौकशी करावी तसं. दाजी मोठ्यानं सांगत, ‘ह्या भोकापासून त्या भोकापर्यंत, साहेब.’ फिटर, वेल्डर चहाचे कप घेऊन त्यांच्या पाठीमागं उभे राहत. ‘भाऊ, त्याला विचारा की, हा फण खडकाळ रानात टिकंल का?’ ‘थांबा हो, ते लाजतेत चारचौघांत. मी बोलून राह्यलो ना.’ मराठीच्या नावानं मी पुढं पुष्कळ सभा ऐकल्या, पण मराठी इतकी मजेत बसलेली मला पुन्हा कुठं दिसली नाही.

हे सगळं मोडलं ते एका शब्दानं. खोडायच्या आज्ञेला दाजींनी नाव दिलं होतं ‘पुसा’. आता आमच्याकडं पुसणं म्हणजे फडक्यानं पुसणं, आणि पुसणं म्हणजे विचारणंसुद्धा. एकदा दाजी बाहेर गेले असताना मालक आत आले. नव्या यंत्राचा आराखडा पडद्यावर उघडा होता. कधी पुरा होणार, लोखंड किती लागणार, खर्च किती, मालकांच्या पोटात शंकाच शंका. समोर ‘पुसा’ दिसलं. मालकांनी ते दाबलं. मशीन अदबीनं म्हणालं, ‘काय पुसायचंय?’ मालक खूश झाले. त्यांनी टाइप केलं, ‘सगळं.’

पडदा कोरा! मालकांनी घाबरून वायरच ओढली, आणि परत मिळण्याजोगं होतं तेही गेलं.

‘बिलकुल बंद! उद्यापासून इंग्लिश!’

‘मालक, तिथं ‘खोडा’ लिहितो ना. एक शब्द बदलायचाय फक्त.’

‘शब्द न्हाई, भाषाच बदला!’

इंग्रजीत चूक झाली की माणूस अडाणी ठरतो. मराठीत झाली की मराठीच अडाणी ठरते. हा न्याय कोणत्या कोर्टातला, मला अजून कुणी सांगितलेलं नाही. दाजी मात्र भांडले नाहीत. जमवलेलं सगळं त्यांनी स्वतःच्या हातानं काढून टाकलं आणि आराखडा पुन्हा काढला, इंग्रजीत, गपचूप. फिटर सवयीनं यायचे, जरा उभे राहायचे, निघून जायचे. ‘स्कूटरशीबी बोलून न्हाई राह्यले रे,’ ताई मला बाजूला घेऊन सांगायची. पुढं दाजींनी पुण्यातल्या मोठ्या कंपनीची नोकरी धरली.

परवा त्यांच्याकडं गेलो होतो. आता घरीही संगणक आहे, आणि नव्या सॉफ्टवेअरमध्ये भाषा बदलायची सोय आयतीच येते. हे दाजींकडून ऐकून मी खुर्चीतून उठलोच. दाजींनी भाषांची नावं उघडून दाखवली, एबीसीडीच्या क्रमानं लावलेली. चेक होती, हंगेरियन होती. ज्या देशांत आपल्या मराठवाड्याएवढीही माणसं नाहीत त्यांच्या भाषा ऐटीत बसल्या होत्या. मराठी नव्हती. माझ्या डोक्यात पत्रकाचा मथळा उकळू लागला.

दाजी चिडले नाहीत. त्यांचं बोट काचेवरून एकेक नाव उतरत खाली आलं आणि दोन ओळींच्या मधल्या फटीत थांबलं.

‘हितं बघा, मेव्हणे. कोरियनच्या खाली, पोलिशच्या वर. जरा सरका म्हणलं तर बसंल की.’

ते बोट बराच वेळ तिथंच होतं. एस्टीत मागून येणाऱ्या घरच्या माणसासाठी जागा धरून ठेवावी, तसं.