उमसुनाय-एजेचा कल्पाक

उमसुनाय-एजेच्या हातात गेलेली वस्तू कधी धड परत येत नसे. ती आमच्या नारीन शहरातल्या बसडेपोत वेल्डिंग करायची; वयाने मोठी, म्हणून आम्ही तिला एजे, म्हणजे ताई म्हणायचो. माझ्या आईने एकदा चहाची किटली डाग द्यायला दिली, तर हिने ठोकून ठोकून तिचं पोट भरल्या दिवसांच्या बाईसारखं फुगवलं आणि नळी मागे वळवून तिच्याच तोंडात दिली.

"अगं भवाने, आता चहा ओतू कुठून?" आई कडाडली.

"दुसऱ्यांना ओतून ओतून दमली हो ती, काकू. जरा स्वतःलाही पिऊ दे."

ती किटली अजून माझ्या खिडकीत आहे. तिच्याकडे पाहिलं की आमची गल्ली आठवते आणि गलबलून येतं.

एजेचे वडील झापार-अता; वडीलधाऱ्यांना आम्ही अता म्हणतो. पुरुषांच्या पांढऱ्या लोकरी नमद्याच्या टोप्या, म्हणजे कल्पाक, शिवण्यात त्यांची हयात गेली. मुलगा नव्हता, म्हणून टाका मुलीला शिकवला. तर हिने एका उन्हाळ्यात घराएवढा कल्पाक शिवला आणि अंगणात उभा केला. जमिनीवर! आमच्यात कल्पाक जमिनीवर टेकला की घरच्या पुरुषाच्या डोक्यावर संकट येतं म्हणतात. अतांनी लेकीशी बोलणंच टाकलं.

शेवटी गल्लीतली म्हातारी मंडळी जमली. पुढे एर्केबाय-अता. त्यांना सगळ्याच गोष्टींत पुढे व्हायची हौस.

"ही आपली ओळख आहे, पोरी! तिची थट्टा मांडलीस?"

"ओळख टोपीची का खालच्या माणसाची, तेच विचारतेय," एजे म्हणाली. "टोपी एवढी वाढली, की माणूस दिसेनासा झाला."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. एर्केबाय-अता लालबुंद झाले. "झापार, तू बाप आहेस. तू सांग, जाळायचा की नाही?"

आदल्या दिवशीच एजे मला म्हणाली होती, "अता जाळ म्हणाले तर जाळीन. पण मग हे हात पुन्हा काही करायचे नाहीत."

तोवर तिने मंडळींना चहा दिला, तोही रागाने वाट्या काठोकाठ भरून. आमच्याकडे पाहुण्याने बसावं असं वाटलं तर वाटी अर्धीच भरतात. भरलेली वाटी म्हणजे, उठा आता.

झापार-अता पुढे झाले. कल्पाकाभोवती फिरले, शिवणीवरून बोट फिरवलं, मग कड उचलून वाकून आत शिरले.

"एर्केबाय," आतून आवाज आला, "कल्पाक कुठे आहे रे?"

"जमिनीवर! आणखी कुठे असणार?"

"डोळे फुटले काय तुझे? माझ्या डोक्यावर आहे."

एर्केबाय-अतांनी भरली वाटी तोंडाला लावली.

"उमसुनाय," अतांनी कितीतरी दिवसांनी लेकीला हाक मारली, "मलाही चहा आण. अर्धीच वाटी भर हं."

एजेने वाटी अर्धीच भरली आणि कड उचलून आत नेली.